भिंतीवरचा चौक आणि कागदावरचं नाव



काम करता करता मोबाईलवर पॉडकास्ट ऐकायची सवय आता आपल्यापैकी बऱ्याच जणींना लागली आहे. पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या भाषणासारखंच, फक्त हवं तेव्हा लावता येतं. त्यात चित्रांच्या इतिहासाचेही कार्यक्रम असतात. चित्र कानांनी कसं कळणार, असं वाटेल. पण ते कोणी काढलं, कशासाठी काढलं, हे नुसतं बघून तरी कुठे कळतं? ते कोणीतरी सांगावंच लागतं.

वारली चित्राचंच घ्या. साडीवर, पिशवीवर, शाळेच्या भिंतीवर आपण ते रोज बघतो. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत हे मूळचं बायकांचं काम. लग्नघरात गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की तोच कुंचला. चौकाच्या मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. ती गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. एवढं महत्त्वाचं काम, पण त्याखाली सही कोणाचीच नसायची.

१९७०च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर शेती, मासेमारी, तारप्याचा नाच असं सगळं जगणं उतरवलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण कागदाला बाजार मिळाला, तसे पुरुष चित्रकार वाढले. पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या बायकांची नावं मात्र मागेच राहिली. आता वारली बायकाही कागदावर चित्रं काढतात, विकतात.

हेच कुलकर्णी त्याआधी बिहारच्या मधुबनी भागात गेले होते. तिकडे तेव्हा दुष्काळ होता. तिथेही लग्नघराच्या भिंती बायकाच रंगवत. हाताला काम मिळावं म्हणून कागद त्यांच्याच हाती दिला गेला. पुढे जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली आणि गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली.

दोन्हीकडे भिंतच होती, दोन्हीकडे बायकाच होत्या. एकीकडे नावं राहिली, दुसरीकडे पुसली गेली. भिंत पुन्हा सारवली की चित्र जातं; नाव लिहून ठेवलं तरच टिकतं.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करू या. गावातल्या म्हाताऱ्या आजीला तिची रांगोळी, गोधडी, ओव्या यांबद्दल विचारा. ती कोणाकडून शिकली, हे मोबाईलमध्ये तिच्याच आवाजात भरून घ्या. तिचं नाव, गाव, तारीख वहीत लिहा. गटाची गोधडी विकायला काढाल, तेव्हा गटाच्या नावाबरोबर शिवणारीचंही नाव चिठ्ठीवर घाला.