कारची केबिन शांत कशी होते? डॅम्पिंग शीट लावण्याआधी हे समजून घ्या

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायचं म्हणजे साधारण नव्वद किलोमीटर. कामासाठी या रस्त्यावर नेहमी अप-डाउन करणाऱ्यांना एक गोष्ट पाठ असते: साठच्या पुढे गाडी गेली की मागच्या सीटवरच्या माणसाशी जोरात बोलावं लागतं, फोनवर समोरचा सारखा "काय म्हणालास?" विचारतो, आणि घरी पोचल्यावर काहीही न करता डोकं जड झालेलं असतं. मग कुणीतरी सल्ला देतं, दरवाजात शीट मारून घे. हजारो रुपये जातात. फरक कधी जाणवतो, कधी अजिबात जाणवत नाही. असं का होतं, हे समजायला आवाज केबिनमध्ये शिरतो कसा ते आधी बघावं लागेल.

डेसिबलचं गणित उलटं वाटतं

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण हे माप किलो-लिटरसारखं सरळ नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कानाला मात्र "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे निम्मी ऊर्जा काढून टाकली, तरी कान म्हणतो, "हं, थोडं कमी झालं."

एक उदाहरण घेऊ. समजा एका गाडीत टायरचा आवाज ७० डेसिबल आहे, वाऱ्याचा ६८ आणि इंजिनचा ६०. तिघांची बेरीज १९८ होत नाही, ती होते साधारण ७२.४. आता इंजिनचा आवाज पूर्ण बंद केला, अगदी शून्य, तर बेरीज येते ७२.१. काहीच फरक नाही! पण त्याऐवजी टायरचा आवाज फक्त ५ डेसिबलने उतरवला, तर एकूण आवाज ७०.२ वर येतो. या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. जो आवाज सगळ्यात मोठा आहे त्याच्यावर काम केलं तरच पैसे वसूल. बाकीच्यांवर कितीही खर्च करा, कानाला पत्ता लागत नाही.

आवाज दोन वाटांनी येतो

पहिली वाट हवेची. काचेतून, दाराच्या फटीतून, पत्र्यातून बाहेरचा आवाज सरळ आत येतो. दुसरी वाट लोखंडाची. चाक खड्ड्यातून गेलं की हादरा सस्पेन्शनमधून बॉडीत जातो, तिथून फरशी आणि छताचा पत्रा थरथरतो आणि तो पत्राच स्पीकरसारखा वाजतो. इंजिनचा थरथराटही असाच माउंटिंगमधून आत येतो.

कोणता आवाज कधी वरचढ, हे वेगावर ठरतं. शहरात, म्हणजे वीस-तीसच्या वेगात, इंजिन ऐकू येतं. चाळीस-पन्नासच्या पुढे टायर बाजी मारतात. शंभरच्या आसपास वारा त्यांना गाठतो. वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ८० वरून १०० वर गेलात तर वेग वाढला फक्त पाव पट, पण वाऱ्याचा आवाज जवळपास ६ डेसिबलने चढला. खान्देशात त्यात समोरून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्याची भर पडते. साक्री तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या! त्या भागात त्याच वेगाने जाताना गाडी एका दिशेला शांत आणि परतताना गोंगाटाची वाटली, तर दोष गाडीचा असेलच असं नाही.

टायरचा आवाज रस्त्यावरही अवलंबून असतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गाडी चढली की आवाजाचा पोतच बदलतो. समृद्धी महामार्गावरून गेलेल्यांनी हे ऐकलंच असेल. त्यात टायरच्या आतली हवासुद्धा स्वतःची एक नोट वाजवते. टायरच्या आत हवेचं एक गोल कडं असतं, छोट्या कारमध्ये त्याची लांबी धरा १.६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. भागाकार केला की येतात साधारण २१५ हर्ट्झ. खडबडीत रस्त्यावर जी पोकळ "घूंSS" येते तिच्यात याचा मोठा वाटा असतो. काही महागड्या टायरमध्ये आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते, ती यासाठीच.

इंजिनची नोटही अशीच काढता येते. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दीड स्फोट होतात, चार सिलिंडरमध्ये दोन. २००० आरपीएमला तीन सिलिंडरचं इंजिन ५० हर्ट्झवर घुमतं, चारचं ६७ वर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या आता तीन सिलिंडरच्या आहेत, २०२४ ची स्विफ्टसुद्धा. त्यांचा स्फोटांचा थरथराट खालच्या पट्टीत असतो, आणि खालची पट्टी अडवणं सगळ्यात अवघड.

फोम लावून घुमणं का थांबत नाही?

फोम किंवा फेल्टमध्ये आवाज जिरतो खरा, पण त्याची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या आसपास लागते. १००० हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटरची, म्हणजे तिला आठ-नऊ सेंटिमीटर जाडी पुरते, थोडी कमी असली तरी काम चालतं. पण १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब. तिला ८६ सेंटिमीटर जाड फोम लागेल! दारात एवढा फोम भरला तर माणूस बसणार कुठे?

पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, १९६६ पासून. गाड्यांचा आवाज आणि कंपनं तपासण्याचं काम तिथे चालतं. अशा चाचणीसाठी जी खास खोली लागते तिच्या भिंतींवर फोमचे लांबलचक पाचरीसारखे तुकडे बसवलेले असतात. ते एवढे लांब का, याचं उत्तर वरच्याच गणितात आहे. खोलीत प्रतिध्वनी उरत नाही, त्यामुळे मायक्रोफोनला फक्त गाडीच ऐकू येते.

बाहेर जाणारा आवाज मात्र मोकळ्या ट्रॅकवर मोजतात. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा ओलांडून इंदूरकडे गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्सचं चाचणी केंद्र लागतं. २०२१ मध्ये सुरू झालेला त्यांचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे आवाज मोजायचाही वेगळा ट्रॅक आहे. आपल्याकडे नवीन कारने जवळून जाताना ७४ डेसिबलच्या वर आवाज करू नये असा नियम आहे.

मग डॅम्पिंग शीट काय करते?

शीट आवाज अडवते असा समज आहे. तिचं खरं काम वेगळं आहे, ती पत्र्याचा थरथराट मारते. ताटावर चमचा मारा, ते वाजत राहतं. आता ताटाला मागून बोट लावा, आवाज लगेच बसतो. ब्यूटाइल रबराची शीट हेच बोट आहे. वरचा अॅल्युमिनियमचा थर रबराला ताणून धरतो, पत्रा हलला की रबर पिळलं जातं आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णता होऊन संपते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, संपूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधल्या भागावर, चतुर्थांश ते निम्म्या जागेत लावली तरी बराचसा फायदा मिळतो. "फुल कव्हरेज" पॅकेजमधले वरचे पैसे बहुतेक दुकानदाराच्या फायद्याचे असतात. शिवाय २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते, चार दारं आणि फरशी झाकली की तेवढं वजन रोज वाहायचं. दोन, आवाज काचेतून येत असेल तर दाराला शीट लावून काही होणार नाही.

आणि खान्देशासाठी खास सूचना. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. स्वस्त शीट डांबराच्या असतात. त्या उन्हात मऊ पडतात, वास सोडतात, कधी दाराच्या आत घसरून काचेच्या यंत्रणेत अडकतात. लावायचीच असेल तर ब्यूटाइलची लावा. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजेल.

आधी फटी बघा

हवेच्या वाटेचा एक कडक नियम आहे. समजा दार ४० डेसिबल आवाज अडवू शकतं, पण त्याच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागेत फट राहिली. आता ते दार २० डेसिबलच्या वर अडवू शकत नाही, बाकीचा भाग कितीही जाड करा. म्हणून दाराचं कडक झालेलं, चपटं पडलेलं रबर बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो कुणी सुचवत नाही. तपासायला सोपं आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दाबत नाही.

एक वेगळा प्रकारही सांगून टाकतो, कारण त्याला लोक बिघाड समजतात. मागची एकच काच उघडली की कानात "धप धप धप" होतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती घुमते, तसंच. केबिन म्हणजे मोठी बाटली, म्हणून तिची नोट वीस हर्ट्झच्याही खाली असते आणि आवाजापेक्षा दाब म्हणून जाणवते. दुसरी कोणतीही काच दोन बोटं खाली घ्या, थांबेल.

आवाजाने आवाज मारणं

इयरबड्समधलं नॉइज कॅन्सलेशन तुम्हाला माहीत आहे. बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलटी लहर सोडायची, दोघी एकमेकींना खोडतात. कल्पना जुनी आहे, जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये याचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. हेडफोनकडे ती नेणाऱ्यांपैकी एक अमर बोस. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातल्या गोंगाटाने हेडफोनवर नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच यावर काम सुरू केलं.

गाडीत हे कानाइतकं सोपं नाही. कान एक, जागा ठरलेली. केबिनमध्ये चार-पाच डोकी, तीही हलणारी. छोट्या लहरींत डोकं दहा सेंटिमीटर सरकलं तरी खोडाखोडीऐवजी बेरीज होऊ शकते. म्हणून कारमधलं कॅन्सलेशन फक्त खालच्या पट्टीत चालतं, जिथे लहरी मोठ्या असतात. आणि फोम तिथेच हरतो, त्यामुळे जोडी चांगली जमते.

इंजिनचा आवाज मारणं त्यातल्या त्यात सोपं, कारण पुढची नोट आरपीएमवरून आधीच कळते. निसानने १९९२ मध्येच जपानमध्ये ब्लूबर्ड गाडीत हे दिलं होतं. रस्त्याचा आवाज मात्र पुढच्या क्षणी काय असेल सांगता येत नाही. त्यासाठी सस्पेन्शनजवळ कंपन मोजणारे सेन्सर लावतात. हादरा लोखंडातून येऊन केबिनमध्ये वाजेपर्यंत जे काही मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात प्रोसेसर उलटी लहर तयार करून स्पीकरला देतो. छतातले माइक उरलेला आवाज ऐकून गणित सतत सुधारत राहतात. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो: इथे उत्तर बरोबर असून भागत नाही, दोन मिलिसेकंद उशिरा आलं की तेच उत्तर गोंगाट वाढवतं. ह्युंदाईने २०१९ मध्ये अशी प्रणाली जाहीर केली तेव्हा दावा होता ३ डेसिबलचा. कमी वाटतो ना? वरचं गणित आठवा, ती निम्मी ऊर्जा आहे.

तुमच्या फोनने शोधा

प्ले स्टोअरवर साउंड मीटर आणि स्पेक्ट्रम दाखवणारे भरपूर अॅप आहेत. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे "माझ्या गाडीत ६६ डेसिबल" या आकड्यावर पैज लावू नका. मित्राच्या फोनवर त्याच जागी वेगळा आकडा येईल. पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग असेल तर दोन आकड्यांमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याच्या नाही. एसीचा ब्लोअर बंद ठेवा, मे महिन्यात हे जड जाईल.

गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये आरपीएम २५०० पर्यंत न्या. तीच घरघर ऐकू आली तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो? मग टायर. तिथे शीटऐवजी आधी हवा तपासा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली, पंपवाल्याच्या अंदाजाने नाही. मग टायरवरून हात फिरवा, लाटांसारखा वर-खाली झिजला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. पुढच्या वेळी टायर घेताना कमी आवाजाचा पॅटर्न निवडा, पूर्ण गाडीला शीट मारण्यापेक्षा फरक जास्त पडेल.

वाऱ्याचा संशय असेल तर दाराच्या आणि आरशाच्या फटींवर बाहेरून कागदी मास्किंग टेप लावून त्याच रस्त्यावर पुन्हा जा. इंजिनिअरही हेच करतात. आवाज उतरला तर एकेक पट्टी काढत गेलं की नेमकी फट सापडते. पन्नास-साठ रुपयांचा टेप.

आणि एक आवाज दाबायचा नसतो. वेगाबरोबर वाढणारी सलग घूं घूं, जी रस्ता बदलला तरी तशीच राहते आणि स्टिअरिंग थोडं उजवीकडे वळवलं की वाढते, ती बहुतेक डाव्या चाकाच्या बेअरिंगची असते. डावीकडे वळवताना वाढली तर उजव्या चाकाची. बेअरिंग गेलेल्या गाडीत शीट लावली तर आवाज थोडा कमी होईल, बेअरिंग मात्र तसंच झिजत राहील. दुकानात जाण्याआधी गाडी मेकॅनिककडे न्या, चाक उचलून हाताने फिरवायला त्याला पाच मिनिटं लागतात.