निर्दोष सुटलेली खलनायिका : 'द लेजंड ऑफ लिझी बॉर्डन' आणि दूरचित्रवाणी-चित्रपटाचा न्याय

१

'खलनायिका' या शब्दातील 'खल' आणि 'नायिका' ही दोन पदे सुखाने एकत्र नांदत नाहीत. नायिका म्हणून तिच्या दृष्टिकोनातून घटनांकडे पाहावे लागते, खल म्हणून तिला शिक्षा व्हावी अशी अपेक्षा बाळगावी लागते. कथनातील हा ताण दूरचित्रवाणीसाठी म्हणून निर्मिलेल्या थरारपटाने कसा हाताळला, हे पाहण्यासाठी १० फेब्रुवारी १९७५ रोजी एबीसी या अमेरिकन वाहिनीने प्रक्षेपित केलेला 'द लेजंड ऑफ लिझी बॉर्डन' हा चित्रपट विशेष उपयुक्त ठरतो. दिग्दर्शक पॉल वेंडकोस, पटकथाकार विल्यम बास्ट आणि प्रमुख भूमिकेत एलिझाबेथ माँटगोमेरी अशी त्याची जुळणी होती. न्यायालयाने निर्दोष ठरविलेल्या एका ऐतिहासिक स्त्रीला खलनायिका म्हणून उभी करणे, हा त्यातील मूळ पेच आहे.

ज्या घटनेवर हा चित्रपट आधारलेला आहे, ती ४ ऑगस्ट १८९२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या गिरण्यांच्या गावी घडली. अँड्र्यू बॉर्डन हा श्रीमंत पण कमालीचा काटकसरी गृहस्थ आणि त्याची दुसरी पत्नी अॅबी यांचे त्यांच्याच घरात, दिवसाउजेडी, कुऱ्हाडीचे घाव घालून खून झाले. दोन खुनांमध्ये सुमारे दीड तासाचे अंतर होते. या काळात घरात वा घराच्या आवारात मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन आणि अँड्र्यूची बत्तीस वर्षांची अविवाहित मुलगी लिझी या दोघीच असल्याचे निश्चितपणे ज्ञात आहे. लिझीवर खटला चालला आणि २० जून १८९३ रोजी बारा पुरुषांच्या ज्यूरीने सुमारे दीड तासाच्या विचारविनिमयानंतर तिला निर्दोष ठरविले. त्यानंतर या खुनांसाठी अन्य कोणावरही खटला झाला नाही. लिझी १९२७ साली मरण पावेपर्यंत त्याच गावात राहिली.

२

या निकालामागे पुराव्याची बाजू होती, हे नाकारता येणार नाही. रक्ताने माखलेला पोशाख सापडला नव्हता; हत्यार कोणते हे निर्विवादपणे सिद्ध झाले नव्हते; खुनांच्या आदल्या दिवशी लिझीने औषधाच्या दुकानात प्रुसिक अॅसिड मागितले होते, ही साक्ष आणि प्राथमिक चौकशीतील तिचा स्वतःचा विसंगत जबाब, हे दोन्ही न्यायालयाने पुराव्यातून वगळले होते. परंतु बचावाचा खरा आधार पुराव्याबाहेरचा होता. तिचे वकील जॉर्ज रॉबिन्सन हे राज्याचे माजी गव्हर्नर. तिला दोषी मानायचे तर ती पिशाचवृत्तीची आहे असे मानावे लागेल, आणि समोर बसलेली ही स्त्री तशी दिसते काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी ज्यूरीपुढे ठेवला. चर्चच्या कार्यात भाग घेणारी, प्रतिष्ठित घराण्यातील, हातमोजे घातलेली कुलीन स्त्री कुऱ्हाड उचलणार नाही, हे येथे जणू स्वयंसिद्ध सत्य होते. लिझीची सुटका झाली ती एक व्यक्ती म्हणून नव्हे, तर एका सामाजिक प्रतिमेची धारक म्हणून.

सरकारी पक्षाने मांडलेला हेतू मात्र अगदी व्यावहारिक होता. १८८७ साली अँड्र्यूने सावत्र आईच्या नातलगांसाठी एका घराचा व्यवहार केला, तेव्हापासून घरात तेढ होती. लिझीने अॅबीला 'आई' म्हणणे सोडून 'मिसेस बॉर्डन' म्हणण्यास प्रारंभ केला होता. मृत्युपत्र न करता मेलेल्या बापाची मोठी मालमत्ता मुलींकडे येणार होती. मालमत्तेसाठी खून करणारा मुलगा वा पुतण्या वाङ्मयाला आणि न्यायालयाला नवा नाही. हाच हेतू मुलीच्या बाबतीत मात्र ज्यूरीला अविश्वसनीय वाटला, हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

३

दूरचित्रवाणी-चित्रपट हा प्रकार अमेरिकेत ऑक्टोबर १९६४ मध्ये एनबीसीवरील 'सी हाऊ दे रन'पासून सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. चित्रपटगृहांत चाललेले चित्रपट विकत घेणे वाहिन्यांना महाग पडू लागल्यावर कमी खर्चात, थोड्या दिवसांत खास छोट्या पडद्यासाठी चित्रपट तयार करण्याची रीत रूढ झाली. १९६९ साली एबीसीने 'मूव्ही ऑफ द वीक' ही मालिका सुरू करून तिला साप्ताहिक नियमितपणा दिला. या आर्थिक चौकटीतून एक कथनरूप घडले. जाहिरातींमुळे कथानकाचे खंड पडतात, म्हणून प्रत्येक खंडाचा शेवट उत्कंठेच्या टोकावर करावा लागतो. खर्च मर्यादित असल्याने पात्रे थोडी आणि स्थळ बहुधा एकच घर. पडदा लहान असल्याने निसर्गदृश्यापेक्षा चेहऱ्याच्या समीपदृश्याला महत्त्व. घरात बसून पाहिल्या जाणाऱ्या या थरारपटात भयाचे स्थानही घरच ठरले. अशा चौकटीला बॉर्डन-प्रकरण नेमके अनुरूप होते.

माँटगोमेरीच्या निवडीतही अर्थ दडलेला होता. १९६४ ते १९७२ या काळात याच वाहिनीवरील 'बिविच्ड' या मालिकेत तिने समॅंथा साकारली होती : नवऱ्याच्या इच्छेखातर आपली जादूची शक्ती आवरून गृहिणीपण पत्करू पाहणारी चेटकीण. पुढे १९७४ साली एनबीसीच्या 'अ केस ऑफ रेप'मध्ये तिने न्यायालयात हरणाऱ्या बलात्कारित स्त्रीची भूमिका केली. तेथे आरोपी निर्दोष सुटतो. एकाच वर्षाच्या अंतराने त्याच अभिनेत्रीचा चेहरा एकदा खरे बोलूनही विश्वास न मिळालेल्या स्त्रीचा होता आणि एकदा विश्वास मिळालेल्या खुनी स्त्रीचा. दोन्हीकडे न्यायालय चुकते, हे या दोन चित्रपटांमधील साम्य आहे. आवरून धरलेली शक्ती बाहेर पडली तर काय होईल, या समॅंथाच्या निमित्ताने विनोदात विरलेल्या प्रश्नाला लिझीच्या रूपाने गंभीर उत्तर मिळाले.

४

चित्रपटाच्या शीर्षकात 'लेजंड', म्हणजे आख्यायिका, हा शब्द आहे. मराठी बोलण्यात आख्यायिकेची खूण म्हणजे 'म्हणे' हे अव्यय : तिने बापाला मारले म्हणे. या एका शब्दाने सांगणारा विधानाची जबाबदारी लोकांवर सोपवतो. दृश्यभाषेला मात्र असे अव्यय सहजी लाभत नाही. खटल्याच्या अखेरीस, निकालाच्या क्षणाशी जोडून, लिझीने केलेले खून पडद्यावर येतात : ती वस्त्रे उतरवते, कुऱ्हाड उचलते, आणि नंतर शरीर धुऊन टाकते. रक्ताळलेला पोशाख का सापडला नाही, या सरकारी पक्षाला न सुटलेल्या कोड्याचा उलगडा अशा रीतीने होतो. ही तिची स्मृती की कल्पना, असा प्रश्न विचारता येतो. पण प्रेक्षकाने जे डोळ्यांनी पाहिले ते 'म्हणे' या कोटीत राहत नाही. शीर्षक आख्यायिका म्हणते, प्रतिमा मात्र थेट साक्ष देते. ज्यूरी 'निर्दोष' म्हणत असताना प्रेक्षकाजवळ विरुद्ध निकाल तयार असतो.

तरीही हा चित्रपट तिला केवळ राक्षसी ठरवून थांबत नाही. अँड्र्यू पूर्वी प्रेते पुरण्याच्या व्यवसायात होता, या सत्यातून बालपणीच्या भयाचे आणि बाप-लेकीच्या विकृत जवळिकीचे सूत्र रचले जाते. मालमत्तेचा धागा त्यात आहेच. परंतु भर मनोविश्लेषणावर आहे. येथे १८९३ आणि १९७५ यांतील अनपेक्षित जवळीक लक्षात येते. ज्यूरीचा तर्क असा : सामान्य स्त्री खून करीत नाही, ही सामान्य आहे, म्हणून ही निर्दोष. चित्रपटाचा तर्क असा : सामान्य स्त्री खून करीत नाही, हिने केला, म्हणून ही असामान्य, जखमी, बापाने बिघडवलेली. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी पहिले विधान एकच आहे. हिशेब करून, समजून उमजून, वारशासाठी हत्या करणारी प्रौढ स्त्री ही शक्यता दोघांनाही पेलत नाही. पहिल्याने तिला सोडले, दुसऱ्याने तिला समजून घेतले. पण खलपुरुषाला सहज मिळणारी स्वतंत्र इच्छाशक्ती तिला कोणीच दिली नाही.

चित्रपटाचा शेवट मात्र या तर्काच्या पलीकडे जातो. बहीण एमा विचारते, बापाला तू मारलेस काय? लिझी उत्तर देत नाही. दृश्याने हिरावून घेतलेले 'म्हणे' या मौनातून अंशतः परत येते, आणि तिचे अंतरंग क्षणभर का होईना कोणाच्याही, मानसशास्त्राच्यासुद्धा, ताब्यात राहत नाही.

५

हे मौन पुढे टिकले नाही. जानेवारी २०१४ मध्ये लाइफटाइम या वाहिनीने 'लिझी बॉर्डन टुक अॅन अॅक्स' हा चित्रपट दाखविला. त्यात क्रिस्टिना रिची हिची लिझी अखेरीस बहिणीच्या कानाशी कुजबुजून सत्य सांगते. २०१५ साली त्याच अभिनेत्रीला घेऊन आलेल्या आठ भागांच्या मालिकेत तर निर्दोष सुटलेली लिझी एकामागून एक खून करीत जाते. वरकरणी ही मुक्तता वाटते, कारण बालपणीच्या जखमेची सबब येथे मागे पडते आणि खलनायिका स्वतःच्या इच्छेने वागू लागते. परंतु ज्या ऐतिहासिक स्त्रीवर दोनच खुनांचा आरोप होता आणि तोही सिद्ध झाला नाही, तिच्या नावावर कल्पित खुनांची रास घालून ही स्वायत्तता विकत घेतलेली आहे. इच्छाशक्ती मिळाली ती पात्राला. तिची किंमत मोजली ती मृत व्यक्तीने, जिला आता अब्रूनुकसानीचा दावाही करता येत नाही.

खलनायिकेला पूर्ण माणूसपण देणे आणि ऐतिहासिक स्त्रीला संशयाचा फायदा देणे, या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत, आणि त्या एकाच कथनात सहसा एकत्र पुऱ्या होत नाहीत. १९७५ च्या चित्रपटाचे महत्त्व त्याने हा पेच सोडविला यात नाही. तिला दोषी दाखवून झाल्यावरही तिच्या तोंडी कबुली घातली नाही, एवढ्या संकोचात ते आहे. न्यायालयाने संशयाचा फायदा दिला होता तो कायद्याच्या भाषेत. चित्रपटाने आपल्याच साक्षीविरुद्ध तो थोडासा परत दिला, तो एका बंद ओठांच्या समीपदृश्यात.