मार्जिन, कार्बन आणि एक्स्चेंजचं कार्ड

१ मे १९६० या तारखेला महाराष्ट्र झाला, हे शाळेतलं पोरही सांगेल. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, कळवायची सक्ती करणारा केंद्राचा कायदा त्याच दिवशी लागू झाला, हे मात्र कुणाच्या गावी नसतं. मी तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास चालवला, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडं टाइप होणाऱ्या अर्जांत नाव-पत्त्यानंतर सगळ्यात मानाची ओळ असायची ती एक्स्चेंजच्या नोंदणी क्रमांकाची.

ही एक्स्चेंजं १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली. फाळणीनंतर निर्वासितांची नावं आली आणि १९४८ पासून सगळ्यांना दार उघडं झालं. कार्डाचं नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली, म्हणून पोरं परीक्षेची तारीख विसरतील, पण ती तारीख विसरत नसत. कायद्यानं जागा कळवणं बंधनकारक होतं. तिथूनच माणूस घेणं नव्हे. हे कळलं असतं तर कित्येकजण कॉलची वाट बघत बसले नसते.

बाकी अर्जात उमेदवाराचं स्वतःचं असं काय असायचं? मार्कलिस्टच्या ट्रू कॉपीवर गॅझेटेड अधिकाऱ्याचा शिक्का, चारित्र्याचा दाखला शाळेचा, टायपिंगचं सर्टिफिकेट परीक्षा परिषदेचं: मराठी तीस-चाळीस, इंग्रजी साठपर्यंत. 'मी मेहनती आहे' असं लिहिणं आगाऊपणा ठरला असता.

उमेदवाराचं स्वतःचं काम दिसायचं ते टायपिंगमध्ये. मराठी मशीनवर बरीच अक्षरं अर्धीच असत. 'ख' हवा तर अर्धा ख मारून पुढं काना द्यायचा. घाईत काना राहिला की शब्द लंगडा. खोडरबरानं कागद पातळ व्हायचा आणि उजेडात धरला की चोरी उघडी. मी मुलींना सांगायची, डावीकडं भरपूर मार्जिन सोडा, साहेब फाइलला भोक पाडणार आहे.

कार्बनची प्रत तर कधीच पाठवू नये. वाचणाऱ्याला लगेच कळतं, वरची प्रत दुसरीकडं गेली. काही शहाणे पदाच्या नावाची जागा कोरी सोडून एकदम पाच प्रती काढत आणि नंतर कागद पुन्हा रोलरवर चढवून नाव भरत. ती ओळ केसभर तरी वरखाली व्हायचीच. पेपरातल्या बॉक्स नंबरच्या जाहिरातीला उत्तर देताना आपण कुणाला लिहितोय हेच ठाऊक नसायचं, म्हणून नुसतं 'महाशय'. 'अर्ज स्वहस्ताक्षरात करावा' अशी जाहिरात आली की आमचा त्या दिवशीचा धंदा बुडाला.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, एक्स्चेंजकडून आलेल्या नावांवर थांबू नका, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. झेरॉक्स तोवर गल्लीत आलं होतं. एका जागेला अर्जांचे गठ्ठे पडू लागले आणि गठ्ठ्यात उठून दिसायला पोरं आपल्याविषयी लिहायला शिकली. मला त्यात गैर वाटत नाही. शिक्क्यांनी माणूस कधी पुरता कळला होता?

फक्त जुन्या अर्जातला नेमकेपणा सोडू नये. नात्यातल्या एका मुलीनं परवा बायोडाटा दाखवला. त्यात 'संगणकाचे उत्तम ज्ञान' होतं. मी विचारलं, मराठी टायपिंगचा स्पीड किती? म्हणाली, चाळीस. मग तेच लिही की, म्हटलं.