ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात? एक कप चहा लपवला तर काय होऊ शकतं?

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का?" ऑपरेशनआधी हा प्रश्न आधी नर्स विचारते, मग भूलतज्ज्ञही विचारतात. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल या भीतीने काही जण सकाळचा चहा सांगतच नाहीत. पण हा प्रश्न थेट जिवाशी जोडलेला आहे.

भूल दिल्यावर नेमकं काय होतं?

एरवी घास श्वासनलिकेत जाऊ लागला तर आपल्याला ठसका लागतो. पूर्ण भूल दिल्यावर हा ठसकाच बंद होतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायूही सैल पडतो. अशा वेळी पोटातलं अन्न आणि आम्ल वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. याला 'ॲस्पिरेशन' म्हणतात. कर्टिस मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ मध्ये बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांमधल्या या धोक्याचं सविस्तर वर्णन केलं. हा प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर जिवावर बेतू शकतो.

किती तास उपाशी राहायचं?

ठरलेल्या ऑपरेशनसाठी साधारण नियम असे आहेत:

- पाणी, दूध न घातलेला चहा: २ तास आधीपर्यंत
- बाळासाठी आईचं दूध: ४ तास
- वरचं दूध, हलका नाश्ता: ६ तास
- तळलेलं, तेलकट किंवा मटण: ८ तास किंवा जास्त

म्हणजे आपला नेहमीचा दुधाचा चहा 'पाण्यात' मोजला जात नाही. मात्र गरजेपेक्षा जास्त उपाशी राहणंही बरं नाही, विशेषतः लहान मुलांसाठी. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळा.

कमरेत इंजेक्शन असेल तरी उपास?

हो. ती भूल पुरेशी लागली नाही, तर ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

अपघातात तर थांबायला वेळच नसतो, मग?

तेव्हा पोट भरलेलं आहे असं धरूनच तयारी होते. आधी मास्कने ऑक्सिजन देतात, मग झटपट काम करणारी औषधं देऊन लगेच श्वासनलिकेत नळी घालतात. नळीभोवतीचा छोटा फुगा श्वासनलिकेची वाट बंद करतो. तरीही अन्न वर आलंच, तर डोक्याकडची बाजू खाली करून सक्शनने घसा साफ करतात. नंतर रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. म्हणजेच पोट भरलेलं असलं तरी मार्ग काढता येतो, पण डॉक्टरांना ते माहीत असेल तरच.

आणखी काय सांगायचं?

मधुमेह, सतत ॲसिडिटी, गर्भारपण किंवा वजन कमी करण्याची इंजेक्शनं. यात पोट उशिरा रिकामं होऊ शकतं किंवा आम्ल वर येण्याची शक्यता वाढते. रोजच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हेही आधीच विचारा.

आणि चुकून चहा घेतलाच असेल, तर सरळ सांगा. फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल.