एरर दोनशे

मंडळी, बरेच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त आहे ह्यांचा पावसाचा प्रोग्रॅम.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. कल्याणच्या घराच्या गच्चीत त्यांनी स्वतःचा पर्जन्यमापक ठेवला होता. वेधशाळेच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला, छत्री धरून, मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा. आधी वह्या होत्या. 1994 साली त्यांनी टर्बो पास्कलमध्ये प्रोग्रॅम लिहिला, मे महिन्याच्या सुट्टीत मी वह्या वाचून दाखवल्या आणि त्यांनी आकडे भरले. पुढे वह्या वाळवीने खाल्ल्या. उरली ती फाइल. हे 2014 साली गेले.

2025 च्या दिवाळीत नातू आला. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबरलाच संपली होती, म्हणून त्याने मला नवा संगणक घेऊन दिला. ह्यांचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून त्यात टाकला, तर तो चालेचना. "आजी, फाइल एक्सेलमध्ये उघडू," म्हणाला. उघडल्यावर नुसती चिन्हांची रांगोळी! टर्बो पास्कल अपूर्णांक स्वतःच्या 6 बाइटांच्या पद्धतीने साठवायचं, ती इतर प्रोग्रॅमना कळत नाही. कुलूप ज्या किल्लीचं, तिनेच उघडायचं.

मी इतिहास शिकवलेली बाई. असं का झालं, ते नातवाकडून समजून घेतलं. पास्कल ही भाषा निकलाउस विर्थ यांनी 1970 च्या सुमारास झुरिकमध्ये तयार केली, ती विद्यार्थ्यांना शिस्तीत प्रोग्रॅम लिहायला शिकवण्यासाठी. (शिक्षकाची भाषा, म्हणून मला जवळची वाटते.) टर्बो पास्कल 1983 साली आलं. त्या काळचे प्रोग्रॅम 16 बिटांचे, 1978 च्या 8086 या प्रोसेसरच्या घराण्यातले. 1985 च्या 386 मध्ये या जुन्या मंडळींसाठी एक वेगळी खोली ठेवलेली होती, म्हणून 32 बिटांच्या यंत्रणांवरही ती नांदली. 2003 पासून 64 बिटांचे प्रोसेसर घरोघरी येऊ लागले. ते 64 बिटांच्या पद्धतीने चालत असले की ती खोली बंद असते. माझा जुना संगणक 32 बिटांचा होता, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

यावर उपाय डॉसबॉक्स. 2002 पासून उपलब्ध असलेला हा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो. नातवाने तो बसवला आणि तरुण रक्त, त्याचा वेग एकदम शेवटापर्यंत चढवला. पडद्यावर आलं, 'रनटाइम एरर 200'.

तो चक्रावला. मी मात्र हसले. हा पाहुणा माझ्या ओळखीचा होता! 1999 साली नवा पेंटियम घेतला तेव्हा हाच आला होता, आणि ह्यांनी मला कागदावर गणित मांडून समजावलं होतं. प्रोग्रॅम सुरू होताना घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे 55 मिलिसेकंदांत, यंत्र किती फेऱ्या मारतं ते मोजतो आणि त्याला 55 ने भागतो. उत्तरासाठी खण 16 बिटांचा, म्हणजे 65,535 पर्यंतचा. यंत्र फार वेगवान असलं की उत्तर खणात मावत नाही, आणि प्रोसेसर शून्याने भागल्यासारखी तक्रार करतो. 1992 मध्ये लिहिणाऱ्याला यंत्रं इतकी पळतील असं वाटलं नसेल. दोष कुणाचाच नाही. ह्यांनी तेव्हा दुरुस्ती मिळवली होती, पण पेनड्राइव्हवर मूळ प्रत होती.

"अरे, वेग कमी कर," मी म्हटलं. त्याने कंट्रोल आणि एफ 11 दाबत दाबत वेग उतरवला. निळा पडदा उजळला आणि वर ह्यांचं नाव आलं. आम्ही दोघंही गप्प झालो.

मी आधी 27 जुलै 2005 ची नोंद काढायला लावली. त्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. आमचा आकडा किती, हे मला वीस वर्षं आठवत नव्हतं. नोंदीत आकड्याच्या जागी शून्य होतं, आणि शेऱ्यात रोमन अक्षरांत लिहिलं होतं: 'मापक भरून वाहिला. अंदाज लिहीत नाही.'

तीस वर्षं संसार केला त्या माणसाचा अख्खा स्वभाव त्या एका ओळीत होता.

आता नातवाने सगळे आकडे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतलेत. ती फाइल कुठल्याही यंत्रावर उघडेल. तुमच्याही घरी कुणाचं असं काही जुन्या संगणकात पडलं असेल तर तो चालू आहे तोवरच काढून घ्या.

प्रोग्रॅम मात्र मी तसाच ठेवलाय. कधीमधी डॉसबॉक्स उघडते, वेग कमी ठेवते. या वयात मलाही तोच मानवतो.