विडीपान (तेंदूपान) : प्रतीची पारख

विडी वळण्यासाठी वापरले जाणारे तेंदू या वृक्षाचे वाळवलेले पान. व्यापारात त्याला तेंदूपत्ता म्हणतात. झाडाचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, कुल एबेनेसी. मराठीत झाडाला टेंभुर्णी आणि त्याच्या गोड, पिवळसर फळाला टेंभरू असेही म्हणतात. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू तालुक्यांतील पानझडी जंगलांत साग व ऐनाच्या सोबतीने तेंदू वाढतो. बोर अभयारण्याच्या परिसरातही तो आढळतो. विदर्भातील विडीधंद्याची जुनी केंद्रे मात्र कामठी, भंडारा, तुमसर, तिरोडा व गोंदिया ही आहेत.

चिरूट आणि विडी : धूम्रपानाच्या वस्तूची प्रत ठरवण्याची शिस्तबद्ध रीत जगात चिरुटाच्या बाबतीत विशेष वाढली. चिरुटात आतले सारण, त्याला बांधणारे पान आणि वरचे वेष्टन हे तिन्ही थर तंबाखूचेच असतात. पारखी वेष्टनाचा एकसारखा रंग व तेलकट झाक पाहतो, बोटांनी हलके दाबून कुठे पोकळी आहे का ते तपासतो. पेटवल्यावर ओढ मोकळी आहे का, जळती कड सरळ सरकते का आणि राख किती टिकते, हे पाहून मग चव व वास यांकडे वळतो. भारतात तिरुचिरापल्ली व दिंडिगल ही चिरुटाची प्रसिद्ध ठिकाणे. विदर्भात मात्र धंदा विडीचा. विडीत तंबाखू फक्त आत असते आणि वेष्टन जंगली झाडाच्या पानाचे असते. त्यामुळे विडीची पारख पानापासून सुरू होते, तीही ओढणाऱ्याच्या कितीतरी आधी, झाडाखाली.

झाडाखालची पारख : चांगल्या पानासाठी तेंदूची झुडपे हंगामाआधी, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, छाटतात. त्यानंतर सुमारे दीड महिन्यात नवी, मोठी पाने तयार होतात. तोडणी एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, पावसाच्या आत उरकावी लागते. कोवळे पान तांबूस व लुसलुशीत असते. ते वाळताना आक्रसते आणि काळे पडते. जून पान जाड, चामट होते आणि वाळल्यावर चुरते. या दोहोंमधले पान हवे असते : मोठे, पातळ, बारीक शिरांचे, हाताला मऊ पण ताणले तर न फाटणारे. काही किडींमुळे पानावर गाठी उठतात. अशी, तसेच छिद्रे पडलेली पाने तिथेच टाकून देतात. तोडणीचे काम भल्या पहाटे सुरू होते आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. झाडावरून पान खुडताना क्षणभर बोटांत धरून ते ठेवायचे की सोडायचे हे त्या ठरवतात, आणि त्या क्षणी झालेली निवड पुढे कुणालाही सुधारता येत नाही.

वाळवणीची पारख : घरी आणलेली पाने एकावर एक रचून पुडे बांधतात. महाराष्ट्रात एका पुड्यात 70 पाने आणि प्रमाणित पोत्यात 1,000 पुडे धरतात. संकलन केंद्रावर पुडे उन्हात पसरून उलटपालट करत वाळवतात. अवकाळी पाऊस पडला तर पानांवर डाग येतात, बुरशी धरते आणि भाव कोसळतो. नीट वाळलेल्या पानावर पोत्यात भरण्यापूर्वी पाणी शिंपडून ते पुन्हा लवचीक करतात. कोरडे भरले तर त्याचा भुगा होतो, फार ओले भरले तर ते कुजते.

वळणीची पारख : कारागीर पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवतात, पत्र्याच्या फर्म्याभोवती कातरीने कापतात, मोजकी तंबाखू पसरून निमुळती गुंडाळी करतात, तोंडाची कड आत दुमडतात आणि दोरा बांधतात. तंबाखू बहुधा गुजरातेतील चरोतर भागाची किंवा सीमाभागातील निपाणीची असते. सैल विडीतून तंबाखू गळते, घट्ट विडीची ओढ बसत नाही. म्हणून वळलेली विडी चिमटीत फिरवून तिचा कस पाहतात. लांबी, निमुळतेपणा, तोंडाची दुमड आणि पानाचा रंग एकसारखा हवा. पुढे भट्टीत शेकून ओल काढतात आणि साधारण 25 विड्यांचे बंडल बांधतात.

पारख आणि मजुरी : नापसंत ठरलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने छाट वाढली की कारागीर बाईचा दिवस वाया जातो. पान हलके दिले असेल तर दोष तिच्या हाताचा नसतो, तरी तोटा तिलाच सोसावा लागतो. विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या शर्ती) अधिनियम, 1966 या कायद्याने कच्च्या मालाचा पुरवठा, नापसंत विड्या आणि त्यांची मजुरी यांवरील वाद सक्षम अधिकाऱ्याकडे नेण्याची तरतूद केली. तेंदूपानाचा व्यापार महाराष्ट्रात 1969 च्या वनोत्पादन व्यापार विनियमन अधिनियमाने राज्याच्या नियंत्रणाखाली आला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत तेंदूपानाचा स्पष्ट उल्लेख करून ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी समाजांना दिला.

प्रत आणि प्रकृती : वर्धा जिल्ह्यात तंबाखूविरोधी विचाराची परंपराही आहे. 1936 पासून सेवाग्रामला राहिलेल्या महात्मा गांधींनी आत्मकथेत लहानपणी विडीच्या नादाने नोकराच्या खिशातले पैसे चोरल्याची कबुली दिली आहे. पुढे आयुष्यभर त्यांनी तंबाखूला विरोध केला. विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते, म्हणून ती सौम्य असावी असा समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे आणि तिचे कारण पानातच आहे. सिगारेटच्या कागदातून हवा आत शिरून धूर काही अंशी विरळ होतो. तेंदूचे घट्ट विणीचे पान हवा फारशी आत घेत नाही. विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा व जोराने झुरके घ्यावे लागतात आणि निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रमाणात छातीत जातात. तोंड, घसा व फुप्फुसांचा कर्करोग, श्वसनविकार आणि हृदयरोग यांचा धोका विडीने वाढतो. घरात बसून विड्या वळणाऱ्या बायका-मुलांच्या श्वासातही तंबाखूची धूळ जाते. अखंड, चिवट आणि हवा न जाऊ देणारे पान पारखीच्या लेखी पहिल्या प्रतीचे असते. धूर इतका दाट करणारे पानही तेच.