तिसरा किताब

महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 मध्ये सुरू झाली. तिच्या विजेत्यांची यादी वर्षांच्या क्रमाने वाचली, तर 1964 ते 1973 या दहा वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. गणपत खेडकर सलग दोनदा, चंबा मुतनाळ सलग दोनदा, दादू चौगुले सलग दोनदा, लक्ष्मण वडार सलग दोनदा. अधेमधे 1966 ला दीनानाथ सिंह आणि 1969 ला हरिश्चंद्र बिराजदार. चार मल्ल दोनवर पोहोचले, पण तीनवर एकही नाही.

तीनचा आकडा गाठला तो नरसिंग यादव यांनी, 2011, 2012 आणि 2013 असा सलग. म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यावर तब्बल 52 वर्षांनी. आणि लगेच पुढच्या तीन वर्षांत, 2014 ते 2016, विजय चौधरी यांनी तोच पराक्रम केला. अर्ध्या शतकात कुणाला न जमलेलं सहा वर्षांत दोघांना जमलं.

दोनदा जिंकलेला पैलवान तिसऱ्यांदा लंगोट का कसतो? पहिलं उत्तर पोटाचं आहे. दूध, तूप, बदाम, मटण यांचा खुराक रोजचा असतो आणि महागडा असतो. जत्रेच्या मैदानात कुस्तीचं मानधन किताब बघून ठरतं. ‘डबल’ आणि ‘ट्रिपल’ हे शब्द नावाआधी लागले की फलकावरचा फोटो मोठा होतो. नरसिंग आणि विजय दोघेही पुढे महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाले. शेतकरी घरातल्या पोराला तिसऱ्या किताबाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण पोटापाशी सगळं संपत नाही. नोकरी लागल्यावरही विजय चौधरी खेळत राहिले आणि 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. डोपिंग प्रकरणातली चार वर्षांची बंदी संपल्यावर नरसिंग 2020 च्या डिसेंबरात, वयाच्या 31 व्या वर्षी, बेलग्रेडच्या विश्वचषकात पुन्हा मॅटवर उतरले. ही ओढ पगाराची नव्हे.

इथे कुस्तीतलाच एक शब्द उपयोगी पडतो: जोड. मैदानात पैलवान एकटा जाहीर होत नाही, जोड जाहीर होते. प्रतिस्पर्धी तोडीचा नसेल तर जिंकूनही नाव होत नाही. महाराष्ट्र केसरीची शेवटची लढत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात होते, म्हणजे स्पर्धेची रचनाच जोड शोधण्याची आहे. 2016 ला विजय चौधरींसमोर अभिजित कटके होते. ते हरले आणि पुढच्याच वर्षी स्वतः महाराष्ट्र केसरी झाले. तिसऱ्या किताबाचं वजन अशा जोडीदारामुळे वाढतं.

टेनिसमध्येही हेच झालं. फेडररने 2009 ला सॅम्प्रसचा 14 ग्रँड स्लॅमचा विक्रम मोडला, तेव्हा आता पुढे काय, असं वाटलं होतं. पण समोर नदाल होता, मागून जोकोविच येत होता. फेडरर 20 वर, नदाल 22 वर थांबला. जोकोविचने 24 वं विजेतेपद 2023 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी मिळवलं. तिघांपैकी एकटाच कुणी असता, तर आकडा इतका चढला असता का? 2022 मध्ये लंडनला फेडररने निरोप घेतला, तेव्हा शेजारी बसून नदाल रडत होता. जोड फुटल्याचं ते दुःख होतं.

पण फेडररचे 20 फेडररपाशीच थांबले. कोल्हापुरात हिशेब वेगळा आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मानाच्या सासनकाठ्यांचा क्रम ठरलेला असतो. मान गावाचा, काठी गावाची. तिच्याखालचे खांदे मात्र पिढीगणिक बदलतात. तालमीचंही तसंच. मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तयार झालेल्या दादू चौगुलेंनी 1970 आणि 1971 ला किताब जिंकला. तिसरा मिळाला नाही. 1972 ला तो वडारांकडे गेला. दादूंनी 1974 मध्ये क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं, पुढे वस्ताद होऊन पठ्ठे घडवले. 2000 साली महाराष्ट्र केसरी झाला त्यांचा मुलगा, विनोद चौगुले.

यादीत दादूंच्या नावापुढे दोनच वर्षं आहेत आणि ती तशीच राहतील. घरात मात्र तिसरा किताब आला, 29 वर्षांनी. 2019 मध्ये दादू गेले. उतारवयातल्या विजेत्याला काय खेचतं, हे शोधताना आपण त्याचा आकडा मोजतो. त्याच्यासमोर कोण उभं आहे आणि त्याच्यामागे कोण शड्डू ठोकतंय, हेही बघायला हवं.